ताईच्या चेहऱ्यासाठी केलेला रंग

कडकबाईंचा राग नाकावर असतो, असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. नाकावरचा राग येतो आणि जातो. त्यांचा मुक्कामाला आलेला होता आणि कित्येक वर्षं रोज त्यांच्याबरोबर कामाला जात होता. प्रयोगशाळेत सगळे त्यांना कडकबाई म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, पण कधी चुकून तोंडावरही. तोंडावर कुणी म्हटलं की त्या फक्त "काय?" एवढंच विचारत, आणि समोरच्याला एकदम आपलं काहीतरी राहिलेलं काम आठवे.

त्यांचं काम रंग बनवायचं. भिंतीचे नव्हेत, कापडाचेही नव्हेत. माणसाच्या शरीरात एखाद्या ठरावीक जागी जाऊन बसणारे आणि वरून दिव्याचा झोत पडला की तिथून चमकणारे रंग. मग डॉक्टरांच्या कॅमेऱ्याला कळतं की गाठ कुठं संपते आणि नस कुठून जाते. नातेवाइकांत कुणी कौतुकानं विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर त्या म्हणत, "डॉक्टरांनी नको ते कापू नये म्हणून रंग करते." यानंतर गप्पा सहसा हवापाण्याकडे वळत.

त्यांची खोली लांबट होती, खिडक्यांना जाड काळे पडदे. पडद्यांना जरा फट राहिली तरी त्या ओरडत, कारण उघड्या उजेडात पडून राहिलेला रंग मरतो. आत टेबलावर काचेच्या नळ्यांची रांग, एका कोपऱ्यात निळा दिवा. दिवा लावला की कुठली नळी केशरी पेटायची, कुठली पोपटी, आणि एखादी हटवादी नळी मख्ख बसायची. या मख्ख नळ्यांशी कडकबाई मोठ्यानं भांडत. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत कुणाची तरी खरडपट्टी चाललीय.

त्यांच्या मते सगळा शिस्तीचा प्रश्न होता. रंगाचा रेणू उजेड घेतो. घेतलेला उजेड तो परत देऊ शकतो, नाहीतर हातपाय झाडून उधळून टाकतो आणि नुसती ऊब उरते. म्हणून त्याची वळवळणारी टोकं एका कड्यात बांधून टाकायची, की झक मारत उजेड बाहेर येतो. सांगायला सोपं. एक टोक बांधावं तर रंग पाण्यात विरघळेना. विरघळेल असा केला तर नसेला धरेना. नसेला धरला तर तो चरबीलाही धरे, मांसालाही धरे, आणि पडदाभर नुसता झगझगाट. सगळंच चमकलं तर त्यात दिसणार काय, कपाळ? फसलेल्या रंगांना त्यांनी नावं ठेवली होती. सगळ्यांच्या गळ्यात पडणारा तो लोचट, रक्तात पडला की विझणारा तो लाजरा, आणि एक तर फुकट्या, कारण महागडी द्रव्यं खाऊन त्यानं कधी उजेडाचा कण दिला नाही.

एवढा खटाटोप त्या ज्या रागावर करत होत्या, तो राग ताईचा होता. म्हणजे ताईवरचा नव्हे, ताईसाठीचा.

आई लवकर गेली तेव्हा ताईनंच धाकट्या बहिणीला, म्हणजे कडकबाईंना, वाढवलं. ताई लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. गोष्टी सांगताना तिचा चेहरा असा काही फिरायचा की राक्षस, ससा, म्हातारी सगळे त्याच एका चेहऱ्यात राहायला असल्यासारखे वाटत. मग तिच्या डाव्या कानाखाली गाठ आली. साधी होती, जिवावरची नव्हती. डॉक्टरांनी ती काढली आणि गाठीबरोबर चेहरा हलवणारी नसही कापली. ताई शुद्धीवर आली तेव्हा तिची डावी बाजू खाली ओघळलेली होती. डोळा मिटेना. पाणी प्यायली तर ओठाच्या कोपऱ्यातून गळे. धाकटीनं जाऊन डॉक्टरांना विचारलं, तर ते हात पुसत म्हणाले, "नस दिसलीच नाही. असं होतं कधीकधी."

असं होतं कधीकधी! पाऊस पडतो कधीकधी, दूध उतू जातं कधीकधी. एखाद्या बाईचा अर्धा चेहरा जातो आणि त्यालाही हेच वाक्य? कडकबाईंच्या तळपायाची आग त्या दिवशी मस्तकात गेली ती परत उतरलीच नाही. ताईनं शाळेत गोष्टी सांगणं सोडलं, कारण पहिल्या बाकावरचं एक पोर तिला बघून रडलं होतं. ती शाळेच्या वस्तुभांडारात बसू लागली, खडू आणि नकाशे मोजत. वर धाकटीलाच म्हणायची, "जाऊ दे गं, किती चिडशील?" तिचं ते "जाऊ दे" ऐकलं की कडकबाईंना आणखी चेव चढायचा.

अखेर एक रंग जमला. जखमेवर तो हलकेच पसरायचा, थोडं थांबायचं, मिठाच्या पाण्यानं धुवायचं. बाकी सगळीकडून तो निघून जाई आणि नसेवर तेवढा राही. दिवा टाकला की नस केशरी तारेसारखी लखलखे. या रंगाचं नाव त्यांनी गुणी ठेवलं. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या. इस्पितळातल्या सर्जनबाईंनी त्या स्वतः केल्या होत्या आणि त्या खूश होत्या. माणसावर वापरायची परवानगीही आली.

आणि त्याच सुमारास ताईच्या उजव्या कानाखाली गाठ आली.

"बरं झालं," ताई आरशात बघत म्हणाली, "आता दोन्ही बाजू सारख्या होतील. निदान फोटोत तरी बरी दिसेन."

"ताई, असलं बोललीस तर मी उठून जाईन."

"जा. तुझा चहा मी पिईन, अर्धा तरी."

कडकबाईंना हसूही आलं नाही. ताईच्या चेहऱ्याची तेवढी एकच बाजू हलत होती. त्याच बाजूनं ती बोलायची, त्याच बाजूनं हसायची. ती बाजूही गेली की ताई आत कुठंतरी कोंडली जाणार होती आणि बाहेर नुसता मुखवटा उरणार होता. सर्जनबाई म्हणाल्या, रंग वापरू. कडकबाई म्हणाल्या, आधी दुसऱ्या कुणावर वापरून बघा. तेव्हा सहसा कशालाही नाही न म्हणणारी ताई ठामपणे म्हणाली, "दुसरी कुणी म्हणजे कोण? तिलाही बहीण असेलच ना? माझ्यापासून सुरू करा."

इथपर्यंत सगळं माणसांच्या हातात होतं. मग त्यात साहेब शिरले.

साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. त्यांचं शिक्षण कॅमेऱ्यांचं, आणि कॅमेऱ्याच्या जगात उजेड जास्त तितकं चित्र चांगलं, एवढं एकच तत्त्व त्यांनी उराशी धरलं होतं. पहिली शस्त्रक्रिया म्हटल्यावर त्यांनी पाहुणे बोलावले. सभागृहात भिंतीएवढा पडदा लावला. शस्त्रक्रिया आत, पाहुणे बाहेर खुर्च्यांवर, मध्ये ध्वनिक्षेपक, आतलं बाहेर आणि साहेबांच्या माइकवरचं आत ऐकू यायला. नस सापडली की नाही हे तपासायला सर्जनबाई एरवी विजेची बारीक सुई वापरतात. सुई नसेला टेकली की चेहरा फडफडतो. साहेबांनी ती बाजूला ठेवायला लावली, का तर तिच्या तारा कॅमेऱ्याच्या आड येत होत्या. हे कडकबाईंना नंतर कळलं. आधी कळलं असतं तर सभागृहात वेगळाच कार्यक्रम झाला असता.

एक गोष्ट मात्र त्यांनी साहेबांना कानीकपाळी ओरडून सांगितली होती. हा रंग एका मापापर्यंतच उजळत जातो. त्यापुढे घातला की उजळायचा सोडून मावळतो. कण दाटीवाटीनं बसले की घेतलेला उजेड बाहेर सोडतच नाहीत, आपापसातच जिरवून टाकतात. कुपीवर त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं: एका वेळी एकच. रंग बनवणाऱ्या कुणालाही हे पाठ असतं. कॅमेरेवाल्याच्या मात्र ते पचनी पडत नाही, त्याच्या सगळ्या अनुभवाच्या ते उलट असतं.

सकाळी कुपी न्यायला साहेब स्वतः आले. "आणखी एक द्या. हातातून पडली-फुटली तर पाहुण्यांसमोर शोभा होईल."

यात वावगं काय होतं? कडकबाईंनी दुसरी कुपी काढून दिली.

सभागृहात त्या मागच्या रांगेत बसल्या. पुढं बसायचा मान त्यांनी नाकारला होता, कारण पुढं बसलं की साहेबांचं भाषण ऐकावं लागलं असतं. आत ताई झोपलेली होती. पडद्यावर तिच्या उघड्या जखमेचं चित्र होतं, इतकं मोठं की ते ताईचं आहे हे मनाला पटवावं लागत होतं. रंग पसरला, धुतला, आणि दिवा पडला. काळोखात केशरी रेघा उमटल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठून किंचित वाकले, जणू त्या नसा त्यांनीच घरून आणल्या होत्या.

कडकबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. बारीक रेघा तर लख्ख होत्या. पण त्या सगळ्या एका बाजूला धावत जात होत्या आणि एका काळ्या पट्ट्याच्या काठाशी येऊन संपत होत्या. सगळ्याच, एकाच ठिकाणी. फांद्या आहेत आणि खोड नाही, असं कुठलं झाड असतं?

ध्वनिक्षेपकातून सर्जनबाईंचा आवाज आला. "मुख्य नस अजून खाली असणार. हा मधला पट्टा काळा आहे, म्हणजे मोकळा आहे. इथून सोडवते."

पडद्यावर कात्रीचं टोक आलं.

नसेचं जाड खोड सगळ्यात जास्त रंग पितं. दुप्पट रंग पिऊन ते काळं पडलं होतं, आणि काळं म्हणजे रिकामं असं समजून ते आता कापलं जाणार होतं. एवढं सगळं कडकबाईंच्या डोक्यात शब्दांनी आलं नाही. आलं ते पायांत. खुर्च्यांच्या रांगा तुडवत, कुणाच्या पायावर पाय देत त्या पुढे पोचल्या आणि साहेबांच्या हातातला माइक धरला.

"अहो, पाहुणे आहेत," साहेब दातांतून म्हणाले.

"सोडा!"

"मध्ये बोलू नका, हे सगळं ठरलेलं..."

कडकबाईंनी माइक हिसकावला. साहेबांच्या चष्म्याला कोपर लागलं, चष्मा खाली पडला, आणि खोटं कशाला बोला, त्याचं त्यांना बरंच वाटलं. "हात उचला! काळं आहे तीच नस आहे! रंग जास्त झालाय, कापू नका!"

कात्री थांबली. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"धुवा," कडकबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता. "मिठाच्या पाण्यानं. पुन्हा पुन्हा धुवा, थांबू नका."

पाणी पडत राहिलं, आतली नळी ते ओढून घेत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग काळा पट्टा राखाडी झाला, राखाडीतून तांबूस झाला, आणि एकदम काठापासून काठापर्यंत पेटला. काडीपेटीतल्या काडीएवढी जाड नस. कात्रीची दोन्ही पाती तिच्या दोन अंगांना उघडी होती.

टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या. साहेबांनी चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "पाहिलंत? ऐनवेळी चूक पकडण्याची ताकद आमच्या पद्धतीत आहे."

कडकबाई तिथंच त्यांचा गळा धरायच्या, पण आत ताई अजून उघडी पडलेली होती. शेवटचा टाका पडेपर्यंत त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मग साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"दोन्ही कुप्या एकाच भांड्यात ओतून आत पाठवल्यात."

"पडदा मोठा होता, बाई. एका कुपीत मागच्या रांगेला काय दिसलं असतं?"

"मागच्या रांगेला? माझ्या बहिणीचा चेहरा उघडा टाकून तुम्ही मागच्या रांगेची काळजी करत होता?"

"शेवटी सगळं नीट झालं ना? मग आता कशाला आकांडतांडव?" साहेब शांतपणे म्हणाले. मग जरा पुढं झुकून, तितक्याच शांतपणे, "आणि दुसरी कुपी तुम्हीच दिलीत. ते मी कुणाला सांगत बसलो का?"

कडकबाई दार उघडून बाहेर आल्या. मारलेलं परवडलं असतं. कारण ते खरं होतं, आणि खरं बोलून कुणी इतका नीचपणा करू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा धाकटी उशाशी होती. "ताई, हस."

"कशाला?"

"हस म्हणते ना!"

ताईच्या ओठाचा उजवा कोपरा वर गेला. गालाला खळी पडली. कडकबाई खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि नाक शिंकरू लागल्या. मग पलंगापाशी येऊन त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या कुपीसकट. ताईनं मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब फुलं घेऊन आले, बरोबर छायाचित्रकार. "वा, ताई! काय तेज आहे चेहऱ्यावर. जरा हसा बघू."

ताईनं दोघांकडे पाहिलं. चेहऱ्याची एक रेघ हलली नाही.

"थोडंसंच. एका बाजूनं चालेल."

"माझ्याकडे हसू एवढंच उरलंय, साहेब," ताई म्हणाली. "ते मी घरच्यांसाठी ठेवलंय. आणि माझा चेहरा फाडून पाहुण्यांना दाखवलात तेव्हा नाही विचारलंत मला, आता हसायचं विचारताय? फुलं घेऊन जा. मला वास सहन होत नाही."

साहेब गेले. कडकबाईंना उड्या माराव्याशा वाटल्या. इतक्या वर्षांत ताईच्या तोंडून अशी तोफ सुटलेली त्यांनी ऐकली नव्हती. "ताई, मानलं तुला!"

"तुझ्याशीही बोलायचंय," ताई म्हणाली. तिचा आवाज अजून खाली आला नव्हता. "पुढची कोण आहे?"

"कुठली पुढची?"

"सर्जनबाई म्हणत होत्या, पुढच्या आठवड्यात एक बाई आहे. बस चालवते. तिला हाच रंग लावणार?"

"हो. पण आता मी सूचना मोठ्या अक्षरात लिहीन. एका कुपीवर दुसरी मिळणारच नाही असं करीन."

"लाल शाईनं लिहिलंच होतंस ना?"

"साहेबांसारखा मूर्ख सगळीकडे नसतो!"

"सगळीकडे असतो," ताई म्हणाली. "कुणी घाईत असतो, कुणी घाबरलेला असतो, कुणाला वाटतं जरा जास्त घातलं तर बरं. माझ्या वेळी तू हॉलमध्ये होतीस. त्या बाईची बहीण बाहेर बाकावर बसलेली असेल, तिला यातलं काय कळणार? पूर्वीचा डॉक्टर निदान अंदाजानं भीतभीत कापायचा. तुझ्या रंगानं तो बिनधास्त कापेल."

"अगं, जन्म घातला मी त्यात!" कडकबाई ओरडल्या. त्या ताईवर आयुष्यात प्रथमच ओरडत होत्या. "कुणासाठी घातला? तुझ्यासाठी! तू खडू मोजत बसायचीस, माझ्यानं बघवायचं नाही. आणि आज तूच म्हणतेस ठेव बाजूला?"

"माझ्यासाठी केलंस, ते मला मिळालं," ताई म्हणाली. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. "आता माझं नाव पुढं करून दुसरीच्या चेहऱ्यावर जुगार खेळू नकोस. ते मला चालणार नाही."

कडकबाई दार आपटून बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. साहेबांचा राग आला, ताईचा आला, त्या लखलखीत, आज्ञाधारक, नालायक रंगाचा तर इतका आला की तो समोर असता तर उन्हात ओतला असता. सगळ्यात जास्त राग याचा आला की ताईच्या बोलण्यात एकही फट सापडत नव्हती. मग त्यांनी भिंतीला टेकून सर्जनबाईंना फोन लावला.

"पुढच्या आठवड्यातल्या बाईला माझा रंग लावायचा नाही."

"अहो, पण मी तिला शब्द दिलाय. ती वाट बघतेय."

"विजेची सुई वापरा. वेळ घ्या. हवा तेवढा वेळ घ्या."

"आणि रंग? तो कधी?"

"कुणी जास्त घातला तरी मावळणार नाही, असा होईल तेव्हा."

"असा होतो?"

"माहीत नाही," कडकबाई म्हणाल्या. हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा जबडा दुखला. "साहेब तुम्हाला सांगतील की रंग तयार आहे. तो मी बनवलाय. मी सांगते, तयार नाही."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"माझी कात्री मिटायला लागली होती," सर्जनबाई म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात तेव्हा मी दाबायला सुरुवात केली होती. सगळ्यांना वाटतंय मी वेळेत थांबले. मी हे अजून कुणाला बोलले नाही."

कडकबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज कडकच राहिला.

"मग उद्या बोला. साहेबांसमोर, आणि त्यांच्या पाहुण्यांसमोर, ते परत जायच्या आधी. दुसरी कुपी कुणी दिली, ते मी सांगेन."